ओळखीचा शब्द अडवतो तेव्हा



पालकसभेत इंग्रजीच्या बाकापाशी तुम्ही येऊन बसता, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, शब्द सगळे पाठ आहेत त्याचे. रोज रात्री मी स्वतः घेते. पण पेपरात काय होतं कळत नाही." काही जणांची तक्रार उलटी असते. "शब्दच राहत नाहीत हो डोक्यात. आज केलेले उद्या साफ विसरते." आणि उठता उठता, जरा आवाज खाली आणून, तिसरं वाक्य येतं. "आम्हालाच इंग्रजी येत नाही ना, म्हणून मागे पडतंय पोरगं." मागे पालकांची रांग असते, त्यामुळे या तिन्ही गोष्टींवर तिथे धड बोलता येत नाही. म्हणून हे जरा निवांत बोलणं.

एका साध्या गणितापासून सुरुवात करते. राजूकडे बारा आंबे होते, त्यातले पाच त्यानं बहिणीला दिले, तर किती उरले? मराठीत विचारलं तर दुसरीतलं मूल बोटं मोजून सात सांगतं. हेच इंग्रजीत आलं की शेवटचं वाक्य असतं, ‘हाऊ मेनी मँगोज आर लेफ्ट?’ आता ‘लेफ्ट’ हा शब्द मुलाला येतो. चांगला येतो. कवायतीच्या तासाला ‘लेफ्ट-राइट-लेफ्ट’ ऐकतच तो पाय आपटतो. मग तो विचार करतो की डावीकडे किती आंबे ते कुठे सांगितलंय? पाठ केलेला अर्थ बरोबर आहे, वजाबाकीही येते, आणि तरी उत्तराची जागा कोरी राहते. तुम्ही घरी पेपर बघता आणि म्हणता, "एवढी सोपी वजाबाकी चुकवलीस?"

मला जे सांगायचंय ते सगळं या एका गणितात आहे. शब्दसंग्रह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांबलचक, अवघड शब्दांची यादी उभी राहते आणि आपण तिच्यामागे लागतो. मुलं मात्र जास्त वेळा अडतात ती छोट्या, रोजच्या, पाठ असलेल्या शब्दांपाशी. अनोळखी शब्द दिसला की मूल निदान थांबतं, कुणाला तरी विचारतं. ओळखीचा शब्द भलत्याच अर्थानं आला की ते थांबत नाही. शेजारचे काका रोज बनियनवर अंगणात दिसतात; तेच बँकेत काउंटरमागे टाय लावून भेटले की आपण गोंधळतो, तसं हे आहे. फरक इतकाच की शब्दाच्या बाबतीत मुलाला गोंधळल्याचंही कळत नाही.

ज्यांची मुलं सेमी-इंग्रजीत आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकतात, त्यांच्या घरात हा प्रकार रोज घडतो. ‘टेबल’ म्हणजे जेवायचं टेबल. गणितात तो पाढा होतो आणि विज्ञानात तक्ता. ‘प्रॉडक्ट’ म्हणजे जाहिरातीतला माल. गणिताच्या तासाला तो गुणाकार. ‘व्हॉल्यूम’ टीव्हीचा कमी-जास्त करतात. भूमितीत ते घनफळ. ‘मीन’ म्हणजे ‘अर्थ असणे’ असं पाठ केलेलं असतं. सांख्यिकीत ती सरासरी निघते. ‘पॉवर’ गणितात घात बनते. ‘राइट’ म्हणजे बरोबर, ‘राइट’ म्हणजे उजवा आणि ‘राइट अँगल’ म्हणजे काटकोन; मग डाव्या बाजूचा काटकोन दाखवला की पोरं विचारतात, "मॅडम, हा लेफ्ट अँगल का?" प्रश्न हसण्यासारखा वाटतो, पण तर्क अगदी सरळ आहे.

विज्ञानात तर एकच शब्द तासातासाला वेश बदलतो. ‘सेल’ म्हणजे दुकानातला सेल, रिमोटमधला सेल आणि जीवशास्त्रातली पेशी. ‘सोल्यूशन’ गणितात उकल, रसायनशास्त्रात द्रावण. ‘टिश्यू’ म्हणजे हॉटेलातला हात पुसायचा कागद. पुस्तकात त्या ऊती. आणि ‘वर्क’ची गंमत तर न्यारीच. डोक्यावर ओझं घेऊन एसटी स्टँडवर तासभर उभा राहिलेला हमाल घामाघूम झाला, तरी भौतिकशास्त्राच्या हिशेबानं त्यानं ओझ्यावर काहीच ‘वर्क’ केलेलं नसतं, कारण ओझं जागचं हललेलं नाही. ज्या मुलानं ‘वर्क म्हणजे काम’ एवढंच पाठ केलंय, त्याला हे वाक्य खोटंच वाटणार.

हा इंग्रजीचा दोष आहे असं मात्र समजू नका. आपल्या ‘लागणे’कडे बघा. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, फोन लागतो, आग लागते, पुण्याला जायला चार तास लागतात आणि कुणाचं बोलणं मनाला लागतं. हे सगळे अर्थ तुम्हाला कुणी यादी करून शिकवले का? नाही. भूक लागली तेव्हा एक कळला, ठेच लागली तेव्हा दुसरा. इंग्रजीतला ‘गेट’ असाच आहे. ‘गेट अप’ म्हणजे उठणं, ‘गेट ऑफ’ म्हणजे गाडीतून उतरणं, ‘गेट अलाँग’ म्हणजे एकमेकांशी पटणं, ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुखण्यातून किंवा दुःखातून सावरणं. ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढ्या शिदोरीवर मूल धडा वाचायला बसतं आणि तिसऱ्या ओळीत त्याला काहीच ‘मिळत’ नाही.

जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थ जास्त. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ मोजले आहेत. घाबरू नका, सहाशे कुणालाच लागत नाहीत. पण ‘रन म्हणजे धावणे’ असं एकदा घोटून घेतलं की शब्द झाला, ही आपली समजूत किती तोकडी आहे ते यातून कळतं. नळाचं पाणी ‘रन’ होतं, नाकही होतं, दुकान ‘रन’ करतात आणि क्रिकेटमध्ये ‘रन’ काढतात.

आता आकड्यांचं बोलू, कारण "रोज किती शब्द करून घ्यायचे?" हा प्रश्न नेहमी येतो. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला का जड जातं, याचा त्यांनी अभ्यास केला. पुस्तकांत क्वचित लागणारे शब्द भाराभर कोंबलेले असतात आणि रोजचे शब्द पुरेसे मुरत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली, ती आजही अभ्यासक वापरतात. साध्या इंग्रजी मजकुरातल्या दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास या दोन हजारांतलेच असतात. न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाची मदत न घेता वाचायचं, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. ‘प्ले’, ‘प्लेइंग’, ‘प्लेअर’ हे सगळं मिळून एक कूळ.

यातून दोन गोष्टी निघतात. नऊ हजारांचा डोंगर रोज दहा शब्द घोकून चढता येत नाही. तो वाचनातूनच चढला जातो. आणि पायथ्याचे दोन हजार शब्द इतक्या वेळा, इतक्या अर्थांनी भेटतात की त्यांच्यावर घालवलेला वेळ कधी वाया जात नाही. सहावीतल्या मुलाकडून ‘हिप्पोपोटॅमस’चं स्पेलिंग घोटून घेण्यापेक्षा ‘टेक’, ‘कीप’, ‘टर्न’ आणि ‘लेफ्ट’ यांच्यावर चार संध्याकाळी गप्पा मारलेल्या कधीही चांगल्या.

दुसरी अडचण पेपरात दिसते. मुलाला उत्तर येतं, प्रश्न येत नाही. ‘डिस्टिंग्विश बिटवीन’ म्हणजे फरक स्पष्ट करा, ‘जस्टिफाय’ म्हणजे कारण देऊन पटवा, ‘स्टेट’ म्हणजे फक्त सांगा, ‘एक्सप्लेन’ म्हणजे उलगडून सांगा, ‘गिव्ह सायंटिफिक रीझन्स’ म्हणजे शास्त्रीय कारणे द्या. ज्याला ‘स्टेट’ म्हणजे महाराष्ट्र राज्य एवढंच माहीत, तो ‘स्टेट न्यूटन्स फर्स्ट लॉ’ वाचून काय करणार? त्यात ‘अनलेस’, ‘देअरफोर’, ‘व्हेअरॲज’ असे सांधे जोडणारे शब्द. ‘अनलेस’ चुकला की सगळं वाक्य उलटं होतं. या शब्दांचं चित्र काढता येत नाही, त्यामुळे भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावर ते कधीच नसतात. भाषेच्या अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या इंग्रजीत सगळीकडे भेटणाऱ्या शब्दांची यादी केली. ती ५७० शब्दकुळांची आहे, आणि अभ्यासाच्या मजकुरातला साधारण दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. घरी जुन्या प्रश्नपत्रिका असतीलच. त्यातले फक्त प्रश्नांचे शब्द काढून मुलासमोर ठेवा आणि विचारा, "हा शब्द तुला काय करायला सांगतोय?" उत्तर नको, एवढंच विचारा. अनेक घरांत कोडं इथेच सुटेल.

"पण मॅडम, बोलतो तर फडाफडा!" हेही ऐकते मी. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मुलं ‘ओह माय गॉड’, ‘लेट्स गो’ झोकात म्हणतात आणि आपल्याला वाटतं, इंग्रजी आली. जिम कमिन्स या अभ्यासकांनी कॅनडात स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांकडे पाहून १९७९ च्या सुमारास एक महत्त्वाचा भेद दाखवला. मैदानावर, दुकानात बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते. पाठ्यपुस्तकाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि ती मुलं चोवीस तास इंग्रजीच्या गावात राहणारी. आपल्या मुलाला इंग्रजी भेटते शाळेच्या दोन-तीन तासांत. तेव्हा तिसरीतलं मूल ‘अजून धडा वाचत नाही’ म्हणून त्याच्यावर ओरडण्याआधी हा हिशेब आठवा.

तुम्हा दोघांना, म्हणजे आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेक पालकांना, मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला भेटली असेल. २००० सालापासून आपल्या राज्यात ती पहिलीपासून आली. वर्षं वाढली, पण मराठी बोलणाऱ्या जिभेच्या आणि कानाच्या अडचणी त्याच राहिल्या. त्यातली एक नेहमी नजरेतून सुटते. मराठीत ‘ए’ एकच आहे. इंग्रजीत तिथे दोन वेगळे स्वर आहेत, एक आखूड, एक लांबवलेला. परिणाम असा की आपल्याकडे लिहायचा तो ‘पेन’ आणि दुखतं तेही ‘पेन’. परीक्षा ‘टेस्ट’ आणि चवही ‘टेस्ट’. वर्तमानपत्र ‘पेपर’, मिरीही ‘पेपर’. फाटक ‘गेट’ आणि वर सांगितलेला मिळण्याचा ‘गेट’ही तोच. ‘वेस्ट’वर तर गर्दीच आहे. पश्चिम दिशा, वाया घालवणं, कंबर आणि बनियन, चौघंही आपल्या ‘व’ आणि ‘ए’मध्ये येऊन एकच होतात. आपण पुस्तकात इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून देतो. सुरुवातीला तो आधार बरा. पण मूल पुढे ती देवनागरीच वाचत राहतं आणि कानाला फरक कधी कळतच नाही. फोनवर चांगल्या कोशात शब्दाचा उच्चार ऐकायची सोय असते. शब्द वाचायच्या आधी दोनदा ऐकवा, मग म्हणून घ्या. तुमचा स्वतःचा उच्चार कसा आहे, याची काळजी त्यात मध्ये येत नाही.

आता विसरण्याबद्दल. आज पाठ, उद्या सपाट, यात मुलाची बुद्धी कमी असं काही नाही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच भराभर गळतं, आणि मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. रविवारी बसून चाळीस शब्द करण्यापेक्षा तेच थोडे शब्द मंगळवारी, शनिवारी आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा भेटू द्या. शक्यतो निरनिराळ्या वाक्यांत.

यादी करायचीच असेल तर एक सवय मात्र मोडा. आपण शब्द जोडीनं किंवा गटानं शिकवतो. विरुद्धार्थी शब्द एकत्र, सगळे रंग एकत्र, सगळी फळं एकत्र. दिसायला नीटनेटकं असतं. पण शब्द कसे शिकले जातात यावरच्या प्रयोगांत उलटं दिसलंय. एकमेकांच्या फार जवळचे नवे शब्द एकाच बैठकीत दिले की ते एकमेकांत अडकतात. नेशन यांनीही शिक्षकांना याबद्दल सावध केलंय. ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं आणि ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं एकाच दिवशी शिकलेली मुलं आठवीतही विचारतात, यातला घेण्याचा कुठला? एक आधी पक्का होऊ द्या. दुसरा पुढच्या महिन्यात आला तरी बिघडत नाही.

शब्द एकटा पाठ करण्यापेक्षा सोबत्यासकट पाठ केलेला बरा, हेही सांगते. आपल्याकडे चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक, शिस्त कडक आणि एखादीचा उपासही कडक. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, पाऊस ‘हेवी’. हे का, याला उत्तर नाही. तिथले लोक तसं म्हणतात, इतकंच. म्हणून वहीत ‘हेवी म्हणजे जड’ असं एकटं लिहू नका. ‘हेवी बॅग’, ‘हेवी रेन’, ‘हेवी ट्रॅफिक’ असं लिहू द्या. अर्थ मराठीत लिहिला तरी चालेल. बिनदिक्कत लिहा. फोनवरचं भाषांतर मात्र पहिला सापडलेला अर्थ देऊन मोकळं होतं, तेव्हा त्याच्यापुढे जाऊन धड्यातलं वाक्य बघायची सवय लावा. ‘फेअर’ टाकून बघा. जत्रा, न्याय्य, गोरा, बऱ्यापैकी असे अर्थ निघतील, आणि तुमच्या मुलाची ‘फेअर वही’ यातल्या कुठल्याच खान्यात नीट बसणार नाही.

वाक्यात चुका होतील, त्या कुठून येतात तेवढं बघा. "आय गेव्ह द एक्झाम" असं मुलगी म्हणते, कारण मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो. इंग्रजीत तो ती ‘टेक’ करतो. "क्लोज द लाइट" म्हणते, कारण आपण दारही बंद करतो आणि दिवाही. साडी नेसतात, शर्ट घालतात, चष्मा लावतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, आणि इंग्रजीत या सगळ्याला एक ‘वेअर’ पुरतो. मग पहिल्यांदा भाषांतर करताना पोरगी पाच क्रियापदं शोधत बसते. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे ‘अंकल’ झाल्यावर तिला विचारावंसं वाटतं की मग ओळखायचं कसं? ज्या डोक्यात हे प्रश्न उठतात, ते चांगलं चाललेलं डोकं आहे. तिच्या वाक्यात मराठी दिसतेय याचा अर्थ ती घोकत नाही, विचार करतेय. "असं नाही म्हणत" एवढ्यावर थांबू नका. "मराठीत आपण परीक्षा देतो, इंग्रजीत घेतात" असं म्हणा. ती हसेल आणि विसरणार नाही.

आता त्या खालच्या आवाजातल्या वाक्याकडे येते. "आम्हाला इंग्रजी येत नाही."

शेतकरी घरातले बाबा रोज मोटर, स्टार्टर, केबल, ड्रिप, स्प्रे, सबसिडी बोलतात. फ्यूज उडाला, शॉर्ट झालं, अर्थिंग नाही, एक फेज गेला, हे त्यांचं रोजचं दुखणं. मुलाच्या विज्ञानातल्या विद्युतधारेच्या धड्यात फ्यूज, शॉर्ट सर्किट आणि अर्थिंग हेच शब्द आहेत, आणि बाबांना ते हाताला चटका बसून कळलेले आहेत. त्यांनी मुलाला विहिरीवर नेऊन स्टार्टरची पेटी उघडून दाखवली, तर तो धडा अर्धा झालाच. शिवणकाम करणाऱ्या आईकडे कॉलर, कफ, लायनिंग आहे. गॅरेजवाल्या काकांकडे क्लच, गिअर, ब्रेक ऑइल आहे. हे शब्द मराठीत येताना काही वेळा वाट बदलतात, तेवढं सांगा. आपलं ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ खायची जागा. इंग्रजीत तिथे राहायला खोली मिळते. आपल्याकडे ‘लाइट’ जाते म्हणजे वीज जाते. शाळेचं ‘ग्राउंड’ म्हणजे मैदान, पुस्तकात ते जमीनही असतं आणि एखाद्या गोष्टीचं कारणही.

त्याहून मोठी गोष्ट तुमच्याकडे आहे. माठातलं पाणी गार का होतं, घाम आल्यावर वारा लागला की बरं का वाटतं, ओला कपडा सावलीतही का वाळतो, हे तुम्ही मराठीत मुलाशी बोललात, तर ‘इव्हॅपोरेशन’ हा शब्द त्याच्यासाठी फक्त एक नवं नाव उरतं. गोष्ट ओळखीची असते. ती ओळख नसेल, तर नाव आणि गोष्ट दोन्ही अनोळखी भाषेत शिकावं लागतं, आणि तिथेच मूल घोकंपट्टीला लागतं. आपल्या मराठी परिभाषेला जड म्हणून नाकं मुरडतात, पण ती बोलकी आहे. ‘मायक्रोस्कोप’ काय ते सांगावं लागतं. सूक्ष्मदर्शी स्वतःच सांगतो. ‘जिओमेट्री’तला ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘मेट्री’ म्हणजे मोजणं. भूमितीत तेच ‘भू’ आणि ‘मिती’ आहेत. ‘फोटोसिंथेसिस’मधला ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, म्हणून प्रकाशसंश्लेषण. सेमीतल्या मुलानं दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले, तर इंग्रजी शब्दाची घडी उलगडते. मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक बाजूला ठेवून वाचायला यात काहीच कमीपणा नाही.

म्हणून एक विनंती. ज्यांना इंग्रजी सहज येते, त्यांनी घरी जरूर पूर्ण वाक्यांत इंग्रजी बोलावं, मुलाचा फायदाच होईल. पण "बेटा, हँड वॉश कर", "मिल्क फिनिश कर", "तो बघ डॉगी" असं बोलून इंग्रजी सुधारत नाही. यात मुलाला इंग्रजी वाक्य मिळत नाही आणि मराठी शब्दही हातचा जातो. मग चौथीतल्या मुलाला ‘सत्तेचाळीस’ म्हणजे किती ते विचारावं लागतं, आणि ‘उरले’, ‘वाटले’, ‘पट’, ‘निम्मे’ हे शब्द मराठीतच कच्चे राहतात. ते पक्के नसतील, तर आंब्याचं गणित कुठल्याच भाषेत सुटणार नाही. मुलाशी भरपूर मराठी बोला. बाजारात, स्वयंपाकघरात, शेतात, प्रवासात, कारणं देत, तुलना करत, "असं झालं नसतं तर?" असं विचारत बोला. ‘कम्पेअर’, ‘जस्टिफाय’, ‘अनलेस’ यांचा सराव तिथेच होतो.

रोजच्यासाठी फार काही नको. झोपण्याआधी पंधरा मिनिटं पुरे. इंग्रजी धड्यातली चार-पाच वाक्यं मुलाला वाचू द्या आणि त्याला ती मराठीत सांगायला लावा. शब्दाला शब्द नको, मतलब सांगू दे. जिथे त्याचं सांगणं डळमळतं, तिथला शब्द शोधा. बहुतेक वेळा तो अवघड नसून ओळखीचाच निघेल. तो शब्द त्या वाक्यासकट वहीत लिहू द्या आणि त्याच शब्दाची आधी भेटलेली वाक्यं मागच्या पानांवर शोधू द्या. आठवड्याला अशा चार-सहा नोंदी झाल्या तरी खूप. आणि आठवड्यातून एकदा, त्याच्या इयत्तेपेक्षा सोपं वाटणारं एखादं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक शाळेच्या वाचनालयातून आणा. "हे तर लहान मुलांचं आहे" म्हणून परत करू नका. सोप्या पुस्तकात ते दोन हजार शब्द पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या कपड्यांत भेटतात, आणि भेटून भेटूनच आपले होतात.

पुढच्या सभेला याल तेव्हा पेपर घेऊन या. किती मार्क पडले ते वर लिहिलेलंच असतं. मुलाला आधी घरी विचारून ठेवा की कुठल्या प्रश्नात, कुठल्या शब्दापाशी अडलास. त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारून आणा. अशा चार रेघा माझ्यासमोर आल्या, तर पुढच्या आठवड्यात वर्गात काय शिकवायचं ते मला कळेल, आणि तुमच्या घरातली रोज रात्रीची घोकंपट्टी निम्म्यावर येईल.